वास कुणाच्या दारी?

सोसायटीच्या सभेत ओल्या कचऱ्याच्या खताचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वास येईल का? खर्चाचा प्रश्न नंतर येतो, जागेचा त्याहून नंतर, आणि ‘हे आपण करायचंच कशाला, महापालिका आहे ना’ हा बहुतेक वेळा चहा फिरू लागल्यावर. तळमजल्यावरच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांचे हात आधी वर जातात. वरच्या मजल्यांवर पर्यावरणाविषयी जरा जास्त औदार्य असते. सामुदायिक खतावरच्या या पुस्तिकेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते सरळ आहे: नीट केले तर वास येत नाही, चुकले तर येतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत कधी ना कधी चुकतेच. मला इथे त्या प्रश्नाच्या जरा मागे जायचे आहे, कारण मीरा-भाईंदरमध्ये तो अर्धाच विचारला जातो. वास येईल का, हे आपण विचारतो. सध्या तो कुणाला येतो आहे, हे विचारत नाही.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले की या उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर मिळते. राई, मुर्धा, मोर्वा ही गावे मागे पडतात, मिठागरे विरळ होतात आणि रस्ता समुद्राच्या बाजूला वळतो. इथल्या धावगी डोंगरावर महापालिकेचा घनकचरा प्रकल्प आहे. आजूबाजूला उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही कोळ्यांची आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांची जुनी गावे. त्यांच्या घरातून निघणारा कचरा तो किती! पण मीरा रोडच्या आणि भाईंदरच्या इमारतींनी रोज दारात ठेवलेली बादली शेवटी यांच्याच डोंगरावर रिकामी होत आली आहे. साचलेल्या ढिगाला लागणाऱ्या आगी, दिवसेंदिवस न विझणारा धूर, पावसाळ्यात उताराने शेतांत उतरणारे काळे पाणी यांविरुद्ध तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करण्याची कामे निघाली. या साऱ्या काळात सोसायटीच्या सभांमध्ये वासाचा विषय निघाला तो लिफ्टच्या डक्टमधल्या मेलेल्या उंदरापुरता.

उत्तनच्या दक्षिणेला लागूनच गोराई आहे. गोराई खाडीच्या पलीकडच्या, बोरिवलीच्या काठावर मुंबई महापालिका 1972 पासून कचरा टाकत होती. खाडीकाठच्या सुमारे 20 हेक्टरांवर डोंगर उभा राहिला आणि अखेर 2009 मध्ये तो माती आणि आवरण घालून शास्त्रीय पद्धतीने बंद केला गेला. आतला मिथेन बाहेर काढायला नळ्या बसवाव्या लागल्या. म्हणजे उपनगरांच्या जेवणाचे उरलेसुरले वाहण्याचा मान या एका परिसराला दोन वेगवेगळ्या महापालिकांनी दिला आहे.

शहर इतक्या वेगाने वाढले की कचऱ्याचा विचार करायला उसंत नव्हती, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. मीरा-भाईंदरची नगरपरिषद 12 जून 1985 ला झाली आणि महानगरपालिका 28 फेब्रुवारी 2002 ला. 2001 च्या जनगणनेत लोकसंख्या 5 लाख 20 हजारांच्या आसपास होती, 2011 मध्ये 8 लाख 9 हजार. पुढची जनगणना लांबली, पण लोकल कुठल्या स्टेशनात किती भरते हे पाहणाऱ्याला आकड्याची गरज नाही. भातखाचरे, खाजण आणि मिठागरांच्या कडेने भराव पडत गेला आणि त्यावर चार मजली, मग सात मजली, मग बावीस मजली इमारती उभ्या राहिल्या. पाणी कुठून येणार याची चर्चा प्रत्येक निवडणुकीत झाली. भाजीची देठे कुठे जाणार याची झाली नाही.

खताच्या वासावरून भांडण्याची मात्र या परिसराला जुनी सवय आहे. 1673 मध्ये मुंबईत आलेला जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर 1698 साली छापलेल्या प्रवासवर्णनात इथल्या रोगट हवेचे एक कारण म्हणून माडांच्या मुळाशी घातलेल्या कुजक्या मासळीकडे बोट दाखवतो. माडाला मासळीचे खत ही किनाऱ्यावरची रीतच होती. जाळ्यात येणारी बारीकसारीक, विकली न जाणारी मासळी खड्ड्यात जायची. पुढे अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने या खतावर बंदीही घातली, आणि मग माडाच्या उत्पन्नावर आपलाही महसूल अवलंबून आहे हे तिच्या लक्षात आले. त्या काळच्या वाडीवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे: ज्याच्या नाकाला वास, त्याच्याच माडाला नारळ. आज हे नाते तुटले आहे. शहाळे पिणारा मीरा रोडच्या शांती नगरमध्ये, वास घेणारा धावगीत.

महाराष्ट्राकडे या विषयाची शिदोरी किती मोठी आहे, याचा आपल्याला विसर पडतो. ‘कंपोस्ट’ म्हटले की परदेशी हिरव्या डब्यांची छायाचित्रे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात आधुनिक कंपोस्टचा पाया घातला गेला तो इंदूरला, होळकरांच्या संस्थानात. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात तिथल्या संस्थेत होते. काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर, ठरावीक दिवसांनी परतणे आणि तीन महिन्यांत खत, ही ‘इंदूर पद्धत’ त्यांनी शेतकऱ्यांचे निरीक्षण करून आणि चीनमधल्या शेतीविषयी वाचून बसवली. या पद्धतीवरच्या 1931 च्या पुस्तकावर लेखक म्हणून दोन नावे आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्ड जगभर सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून गाजले. वाडांचे नाव मराठी वाचकांनाही सांगावे लागते.

मग पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. ‘नाडेप’ ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गांधीवादी कार्यकर्त्याने शेण कमी आणि काडीकचरा जास्त अशा परिस्थितीसाठी विटांची जाळीदार टाकी काढली. साधारण 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतीत मुद्दाम सोडलेली भोके. हवा त्या भोकांतून आत जाते, म्हणून ढीग परतावा लागत नाही. एकदा भरून लिंपली की तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा ‘प्रयोग परिवार’ हा आणखी एक धागा. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचे आणि एकमेकांना सांगायचे, या त्यांच्या पद्धतीतून द्राक्षबागाही उभ्या राहिल्या आणि शहरातल्या गच्च्याही. मुंबईतल्या गच्च्यांवर रसवंतीवाल्याकडचा उसाचा चोथा आणून त्यात भाजी पिकवणारे लोक त्याच वाटेने आले. पुण्यात उदय भवाळकरांनी गांडुळांवर केलेले काम अनेकांना माहीत असेल.

हे सगळे खरे असले तरी यातले काहीही दोनशे फ्लॅटच्या सोसायटीसाठी घडवलेले नव्हते, हेही खरे. इंदूरच्या ढिगाला गोठा लागतो. नाडेपची टाकी एका दमात भरायची असते, आणि आपला कचरा रोज थोडा थोडा येतो. गांडुळांना ढिगाची ऊब सोसत नाही आणि मुंग्यांची त्यांच्यावर नजर असते. या पुस्तिकेच्या लेखकमंडळींनी या सगळ्यांमधून थोडे थोडे उचलून कोकणच्या पावसात, इमारतीच्या मागच्या बोळात चालेल असे काहीतरी बसवले आहे. ते देखणे नाही, पण चालते.

ढिगाच्या पोटात काय घडते, यावर पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण आहे. मी त्यातले मर्म तेवढे सांगतो, कारण वासाचा सगळा हिशेब तिथेच आहे. कचरा कुजवणारे जीव कर्ब खाऊन जगतात आणि नत्र वापरून वाढतात. एक भाग नत्राला 25 ते 30 भाग कर्ब मिळाला की त्यांचे छान चालते. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण 15-20 च्या आसपास असते, म्हणजे नत्र जास्त. वाळलेल्या पानांत कर्ब 50 च्या वर जातो, लाकडाच्या भुशात तर काहीशे. शिवाय भाजीच्या सालींमध्ये पाणीच पाणी, आणि ढिगाला ओल हवी 50 ते 60 टक्के. मूठभर मिश्रण पिळले तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये, ही त्याची घरगुती परीक्षा. पानांचे प्रमाण बरोबर असेल, मधून हवा खेळत असेल, तर दोन-तीन दिवसांत ढीग 55-60 अंशांपर्यंत तापतो. हात घातला तर चटका बसतो. या तापात माश्यांच्या अळ्या आणि रोगजंतू टिकत नाहीत. मग तो हळूहळू निवतो, खाली बसतो, काळा पडतो. शंभर किलो ओल्या कचऱ्यातून हाती पंधरा ते पंचवीस किलो लागते. उरलेले पाणी आणि वायू होऊन गेलेले असते.

वास म्हणजे या कामातली तक्रारवही. नाकात झोंबणारा, अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झाले, पाने कमी पडली. आंबूस वास आला तर ढीग ओला आहे, कुणीतरी आमटीसकट भांडे रिकामे केले आहे. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा पोचतच नाही, खालचा थर गुदमरला आहे. तिन्हींवर पहिला उपाय एकच: कोरडी पाने घाला आणि परता. सगळे बरोबर जुळून आले की शेवटी जो वास येतो तो पहिल्या पावसानंतर मातीला येणारा. दोन्हींमागे एकाच प्रकारच्या सूक्ष्मजीवांनी सोडलेले जिओस्मिन नावाचे द्रव्य असते. सभेत हात वर करणाऱ्यांना हा वास दाखवायला मूठभर तयार खत घेऊन जावे. भाषणापेक्षा ते जास्त पटते.

म्हणजे खत ओल्या कचऱ्याचे असले तरी खरी अडचण कोरड्या पाल्याची आहे, आणि हे बहुतेक सोसायट्यांना पहिल्या जूनमध्ये कळते. जानेवारीपासून बदाम लाल होऊन गळू लागतो, मागोमाग बाकीची झाडे. मे संपेपर्यंत आवारात पाला मावत नाही आणि झाडणारा रोज तो गोळा करून घंटागाडीत भरतो किंवा गटाराच्या कडेला पेटवतो. पाऊस सुरू झाला की चार महिने कोरडे पान औषधाला मिळत नाही, आणि नेमका तेव्हाच ढिगाला पाला दुप्पट लागतो. आपल्याकडे आगोटीची बेगमी करतात, तांदूळ, सुकी मासळी, पापड, मसाला भरून ठेवतात. तशी पाल्याची बेगमी करायला हवी. गोण्यांत दाबून, गच्चीच्या जिन्याखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये. किती गोण्या लागतील याचे कोष्टक पुस्तिकेत आहे. मला विचाराल तर त्यात दिलेल्या आकड्याच्या दीडपट ठेवा.

पाला जाळण्याविषयी दोन शब्द. आपल्या ठाणे जिल्ह्यात राब भाजण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची. शेण, टहाळ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पावसाआधी पेटवायचे. त्याने तणाचे बी मरते आणि राख जमिनीत मिसळते. त्या जाळण्यामागे शेतकऱ्याचा विचार होता, त्याच्या बाजूने आणि विरोधात शेतीतज्ज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. गटाराच्या कडेला प्लास्टिकच्या पिशवीसकट पाला पेटवण्यामागे कसलाही विचार नसतो. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड ठरवला. दंड कुणाला झाल्याचे क्वचितच ऐकू येते. हाताशी पाल्याचा उपयोग असला की काडेपेटी आपोआप खिशात राहते, असा अनुभव मात्र अनेक ठिकाणी आहे.

कायद्याचेही थोडे पाहू. 8 एप्रिल 2016 ला केंद्राने घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढले. घरातच ओला, कोरडा आणि घातक असा वेगवेगळा कचरा; दिवसाला सरासरी 100 किलोंपेक्षा जास्त कचरा करणारे ते ‘मोठे कचरा-उत्पादक’; आणि 5,000 चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्य तितका आपल्या आवारातच जिरवायचा, अशी त्यांतली तरतूद होती. शेजारच्या मुंबईत महापालिकेने 2 ऑक्टोबर 2017 ची मुदत घालून मोठ्या सोसायट्यांचा ओला कचरा उचलणे थांबवण्याचा इशारा दिला तेव्हा जी धावपळ उडाली ती पुष्कळांना आठवत असेल. एका घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा धरला तर शंभर किलो व्हायला दोनशे घरे लागतात. नव्या टॉवरांच्या संकुलांना हे लागू होते. पण मीरा रोडचे जुने सेक्टर पाहा, भाईंदर पूर्वेचे नवघर पाहा. वीस, तीस, चाळीस घरांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे हे शहर आहे. एकेकटी इमारत नियमाच्या चाळणीतून सुटते आणि सगळ्यांचा मिळून डोंगर होतो. कायद्याची नजर टॉवरवर आहे, आणि खरी गरज आहे ती पाच-सहा छोट्या इमारतींनी मिळून एक जागा चालवण्याची. सामुदायिक खत या शब्दांचा अर्थ इथे लागतो. पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे प्रकरण याच विषयावर आहे: सामाईक बोळ कुणाचा, पाण्याचे बिल कुणाच्या मीटरवर, किल्ली कुणाकडे. मजकूर रुक्ष आहे, तरी वगळू नका. असे प्रयत्न बहुतांशी बिघडतात ते किल्लीवरूनच.

नियम आले तसे यंत्रांचे विक्रेतेही आले. संध्याकाळी कचरा टाका, सकाळी खत घ्या, असे सांगणारी विजेवर चालणारी यंत्रे मोठ्या संकुलांनी लाखो रुपये मोजून घेतली. काही यंत्रे फक्त दळून, हवा देऊन पुढच्या कुजण्याची तयारी करतात. ती उपयोगी आहेत. पण चोवीस तासांत कोरडी पूड देणारे यंत्र बहुधा कचरा तापवून वाळवते एवढेच. ती पूड खत नव्हे. कुंडीत घालून पाणी दिले की ती पुन्हा भिजते, बुरशी धरते, सडू लागते, आणि मग तुळस का मेली याची चौकशी सुरू होते. जिवाणूंना काही आठवडे द्यावेच लागतात; त्यावर कुणी शोध लावलेला नाही. यंत्र घ्यायचेच असेल तर विक्रेत्याला वीजबिलाचा अंदाज लेखी मागावा आणि त्यातून निघालेला माल ओला करून आठ दिवस डब्यात ठेवून मगच सही करावी. पुस्तिकेचे लेखक यंत्रांविषयी माझ्यापेक्षा मवाळ आहेत. त्यांना सगळ्यांशी बोलायचे आहे, मला नाही.

यंत्राचे आकर्षण कुठून येते हे मात्र समजून घेतले पाहिजे. कचऱ्याला हात लावावा लागू नये, ही त्यामागची खरी इच्छा. आणि हात लागणारच असेल तर तो आपला नको. खताचा वाफा झाला, फोटो काढले, फलक लागला. ढीग परततो कोण? सोसायटीत झाडलोट करणारा माणूस, त्याच पगारात, हातमोज्यांशिवाय. वर घराघरांतून आलेल्या पिशव्यांतून डायपर आणि ब्लेड वेगळे काढण्याचे कामही त्याच्याकडे. असल्या खताला सामुदायिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडे कचऱ्याला जात चिकटलेली आहे, आणि हे ज्यांनी ओळखले त्यांनी सुरुवात स्वतःच्या हातांपासून केली. गांधीवादी अप्पा पटवर्धनांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मागितले. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही असे उत्तर आले, तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभला आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषणाचे पाऊल उचलले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासांवर काम केले. इतके आपल्याकडून होणार नाही, मागितलेलेही नाही. पण आठवड्यातून एक रविवार, पाळीपाळीने, दोन-दोन घरांनी फावडे धरायचे एवढे तर होईल. आणि रोजचे काम पगारी माणसाकडे द्यायचे असेल तर त्याचे वेगळे पैसे, बूट, हातमोजे, साबण. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांना प्रशिक्षण देऊन सोसायट्यांमधले खताचे वाफे आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी विकसित केलेले निसर्गऋण बायोगॅस प्रकल्प चालवायला दिले. त्या कामात मजुरी आहे, कौशल्य आहे, ओळखपत्र आहे. खत करायला फार पैसे लागत नाहीत असे सांगणारे बरेचदा मजुरीच धरायची विसरतात.

शेजारधर्माच्या बारीक गोष्टी तर आपल्या शहरात अनंत. एका जिन्यात मराठी, गुजराती, मारवाडी, कोकणी मुसलमान, ख्रिस्ती, उत्तर भारतीय. जैन कुटुंबांना अळ्या आणि गांडुळांच्या हिंसेचा प्रश्न पडतो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यांच्याशी बोलताना इतके सांगता येते की पाल्याने नीट झाकलेल्या तापत्या ढिगात माशी अंडी घालायलाच येत नाही, आणि गांडुळे सोडण्याची सक्तीही नाही. उलट पिशवीत बंद करून क्षेपणभूमीवर पाठवलेल्या अन्नात जिवांची उत्पत्ती किती होते याचा विचार त्यांच्यातले थोरच अधिक गांभीर्याने करतात. मासळीचे काटे, मटणाची हाडे या दुसऱ्या टोकाच्या अडचणी. तत्त्वतः मासळी उत्तम खत देते, हे आपण फ्रायरच्या वेळेपासून पाहतो आहोत. पण सोसायटीत मांजरे, घुशी आणि शाकाहारी कमिटी मेंबर असतात. पहिले वर्ष मासळी-मांस बाहेर ठेवा, हा पुस्तिकेचा सल्ला व्यवहारी आहे. शहाळी, करवंट्या, आंब्याच्या कोयी यांचेही तसेच. त्या कुजतात, पण तोवर कमिटी बदलते.

हे कुठे जमले आहे का, असे विचारणाऱ्यांसाठी दोन गावे. केरळातल्या आलप्पुळ्याचा कचरा शेजारच्या सर्वोदयपुरम गावात जायचा. गावकऱ्यांनी 2012 मध्ये गाड्या बंद पाडल्या आणि शहर अक्षरशः कचऱ्यात अडकले. त्या पेचातून वस्ती-वस्तीत जाळीदार पेट्या, शेणाचा हात, पाल्याचे थर आणि घराघरांत छोटे गॅस प्रकल्प अशी व्यवस्था उभी राहिली. पेट्यांची पद्धत तिथल्या कृषी-पशुवैद्यक मंडळींनी थुंबुरमुळी इथे बसवली होती. उत्तनशी साम्य कुणाच्याही ध्यानात येईल. फरक इतकाच की तिथे शहराला दुसरा डोंगर मिळाला नाही. दुसरे गाव आपले वेंगुर्ले. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या कचरा डेपोचे रूप असे पालटले की लोक तो बघायला येऊ लागले. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, तो वेंगुर्ल्यात त्याआधीच फिटला. वेंगुर्ले लहान आहे, मीरा-भाईंदर मोठे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मीरा-भाईंदरचा विचार वेंगुर्ल्याएवढ्या तुकड्यांत करावा, सेक्टर-सेक्टरने.

तयार खताचे करायचे काय, ही सुखाची अडचण वर्षभराने येते. आपल्या आवारांची जमीन बघितली तर तिचे उत्तर पायाखालीच आहे. खाजणावर आणि डेबरिजच्या भरावावर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या बागेत खोदले की विटांचे तुकडे, सिमेंट आणि खारट चिकणमाती निघते. म्हणून सोसायट्या दरवर्षी लाल मातीच्या गाड्या विकत आणतात, म्हणजे कुठल्यातरी टेकडीची कातडी सोलून आणतात. वीस-पंचवीस किलो खत महिन्याकाठी या जमिनीत मिसळत गेले तर तीन-चार पावसाळ्यांत ती माती धरू लागते. उरले तर राई-मोर्व्याच्या भाजीवाल्यांना द्यावे. मात्र विकायचे असेल तर खत नियंत्रण आदेशाची मानके लागू होतात: कर्ब-नत्राचे प्रमाण 20 च्या खाली, सेंद्रिय कर्ब किमान 12 टक्के, माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा. फुकट वाटण्यात कमी डोकेदुखी आहे.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायलाच हवी असे नाही. पावसाळ्याचे प्रकरण आधी वाचावे आणि सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी; म्हणजे चुकायला कोरडे महिने मिळतात आणि पहिल्या जूनआधी पाला साठवून होतो. शेवटी जोडलेला ‘काय टाकावे, काय टाकू नये’ हा तक्ता मराठीत आहे. आपल्या इमारतीत कोण राहतो ते पाहून तो हिंदीत आणि गुजरातीतही लिहून घ्यावा, आणि नोटीस बोर्डावर न लावता लिफ्टमध्ये लावावा. लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वळणावर, जिथे वरचे लोक दम खायला थांबतात.